पीपीएम

ॲन आर्बरमध्ये जानेवारीत कुणाच्या घरी गेलं की पहिली पाच मिनिटं दारातच जातात. बूट, हातमोजे, कानटोपी, मफलर, बाहेरचं जॅकेट, आतलं जॅकेट. एवढं सगळं सोलून माणूस आत आला की यजमानांनी म्हणायचं, "काय मरणाची थंडी आहे ना!" आणि पाहुण्याने म्हणायचं, "विचारू नका." हा इथला रामराम. त्यात कुणी कुणाला माहिती देत नसतं.

पीपीएमच्या घरी हा रामराम पुरा होत नाही. आपण "काय थंडी आहे!" म्हटलं की तो आपल्या लाल नाकाकडे न बघता भिंतीकडे बघतो. देवघराच्या शेजारी, जिथे इतरांकडे कालनिर्णय असतं तिथे, त्याच्याकडे एक जुना टॅब्लेट टांगलेला आहे. त्यावर हिरव्या, निळ्या, पिवळ्या, लाल रेघा सरपटत असतात. "उणे अकरा पूर्णांक चार," तो म्हणतो. "काल या वेळेला उणे चौदा होतं. म्हणजे आज तसं उबदारच." आपण कुडकुडत उबदार होतो.

त्याचं खरं नाव सांगून उपयोग नाही, ते आता मंडळाच्या यादीतही सापडणार नाही. हे नाव त्याला गणपतीत पडलं. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये आरतीला चाळीसएक माणसं दाटीवाटीने उभी होती, झांजा, टाळ्या, कापूर, सगळं रंगात आलं होतं, आणि हा मागून खिशातलं यंत्र उंच धरून ओरडला, "दोन हजार तीनशे पीपीएम! खिडकी उघडा!" पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सध्या सव्वाचारशे पीपीएमच्या आसपास असतो; बंद खोलीत माणसं श्वास घेत बसली की वाढत जातो, आणि हजाराच्या वर गेला की खोलीत हवा खेळत नाही असं समजायचं. हे सगळं आता आम्हाला पाठ आहे. त्या दिवशी नव्हतं. शेजारी एक काका उभे होते, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांनी आरती न थांबवता मान वळवली आणि म्हणाले, "अहो, ते पीपीएम कोण आहेत, त्यांनाच सांगा ना उघडायला." तेव्हापासून तोच पीपीएम. खिडकीही त्यानेच उघडली.

त्याचा स्वभाव मुळात असा नव्हता, असं वहिनी म्हणतात. लग्नात तो चारचौघांसारखा "उकडतंय" वगैरे म्हणाला होता, त्याची व्हिडिओ कॅसेट आहे. बिघडला तो घर घेताना. आमच्या भागात घर घेताना रेडॉन तपासतात. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा वायू तळघराच्या भेगांतून वर येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि वर्षानुवर्षं हुंगला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हिवाळ्यात घरातली गरम हवा वरच्या मजल्यातून निसटते आणि खालून जमिनीतली हवा ओढून घेते, त्यामुळे खिडक्या बंद असताना तो जास्तच. अमेरिकी सरकारच्या पर्यावरण खात्याचं म्हणणं असं, की लिटरमागे चार पिकोक्युरी किंवा जास्त निघाला तर उपाय करा. याच्या घरी पाच पूर्णांक दोन निघाला. उपाय सोपा असतो. तळघराच्या फरशीखालून एक पांढरा पाइप काढायचा, त्याला पंखा बसवायचा आणि वायू छपराच्या वर नेऊन सोडायचा. तो आम्हीही केला आणि विसरलो. आमच्या घरात तो पाइप आहे हे मला फक्त ख्रिसमसच्या माळा लावताना आठवतं.

हा विसरला नाही. आपल्या पायाखाली काहीतरी आहे, ते दिसत नाही, पण त्याला आकडा आहे, हे कळल्यावर काही माणसं देवाकडे वळतात. हा ऑनलाइन दुकानाकडे वळला. आधी रेडॉनचं यंत्र आलं. मग त्याला वाटलं, रेडॉन मोजायचा आणि ओलावा सोडून द्यायचा हे बरं नाही. मग बीएमई २८० आला. हे एक अडीच मिलिमीटरचं चौकोनी पाखरू, तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब तिन्ही सांगतं. एकटं बरं दिसेना म्हणून आणखी सहा आले. फ्रिजमध्ये एक, माळ्यावर एक, संप पंपाच्या खड्ड्याशी एक, मुलीच्या खोलीत एक, तुळशीच्या कुंडीत एक. (तुळस हिवाळ्यात आत असते. तिला आता ऋतू आकड्यांतच कळतात.) हे सगळे सेन्सर दर तीस सेकंदांनी आपापलं गाऱ्हाणं एका चिमुकल्या संगणकाकडे नेतात. तो ते वर क्लाउडवर ढकलतो, आणि तिथून ते एका डॅशबोर्डवर उमटतं. तो डॅशबोर्ड जगात कुठूनही उघडता येतो. ही शेवटची सोय पुढे महागात पडली.

हे निरोप ज्या पद्धतीने जातात तिला एमक्यूटीटी म्हणतात. १९९९ साली दोन इंजिनियरांनी ती तेलाच्या पाइपलाइनींवर लक्ष ठेवण्यासाठी तयार केली. ओसाड रानातून, उपग्रहावरून, कमीत कमी शब्दांत निरोप पोचावा म्हणून. त्याच वाटेने आमच्या मित्राच्या फ्रिजातल्या दह्याचं तापमान प्रवास करतं. या पद्धतीत मध्ये एक 'ब्रोकर' असतो. सेन्सर त्याला सांगतात, तो ज्याला हवं त्याला सांगतो. हे मला समजावून सांगताना तो म्हणाला, "आणि दलाली शून्य!" पुण्यात दोन महिन्यांचं भाडं दलालाला दिलेल्या माणसाचा तो आनंद होता.

गावाचाही यात थोडा हात आहे. आमचं गावच मोजणाऱ्यांचं. सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांबरोबर दुर्बिणी आणि विजेचा वापर मोजायची मीटरंही घरी न्यायला मिळतात. हा नेहमी एखादं मीटर उशिरा परत करतो. मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१८ साली जगातला सगळ्यात छोटा संगणक म्हणून जो दाखवला, त्याची एक बाजू ०.३ मिलिमीटर. त्याच्यापुढे तांदळाचा दाणाही हत्ती वाटावा. आणि त्या संगणकाचं काम काय? तापमान मोजणं. ही बातमी पीपीएमने आम्हाला अशी सांगितली की जणू घरातल्या कुणाला तरी विद्यापीठात सुवर्णपदक मिळालं. "मात्र वीज गेली की तो सगळं विसरतो," हे त्याने आवाज खाली आणून सांगितलं. त्याच्या दृष्टीने ते त्या कुळातलं व्यंग होतं.

कुळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्याचे वडील पुण्याच्या वेधशाळेत होते. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, १९४४ साली दिल्लीला गेलं, पण चौकाने सिमला काही सोडलं नाही. काका रोज सकाळी साडेआठच्या नोंदीला हजर. हिरवळीवर पायांवर उभी असलेली पांढरी, झडपांची लाकडी पेटी, आत कोरडा थर्मामीटर आणि मलमलीची ओली चिंधी बांधलेला थर्मामीटर. या पेटीला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ती ज्या थॉमस स्टीव्हन्सनने काढली त्याचा मुलगा म्हणजे 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा. बापाने पेटी केली, मुलाने खजिना शोधला. आमच्याकडे उलट झालं. बापाने पेटीत डोकं घातलं आणि मुलाने घराचीच पेटी केली. काकांचं रजिस्टर अतिशय नेटकं असे म्हणतात. काकूंचं त्यावरचं मत मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे: "ह्यांनी जन्मभर त्या पेटीचा ताप बघितला. मला एकशेतीन चढला तेव्हा डॉक्टरांना शेजारच्या वहिनींनी बोलावलं."

पीपीएमचं शास्त्रावर प्रेम आहे, पण शास्त्राचं त्याच्यावर आहे की नाही याची मला इडलीच्या पिठानंतर शंका येऊ लागली. थंड देशात पीठ फुगवायची आपल्या लोकांची एकच रीत: पातेलं ओव्हनमध्ये ठेवायचं आणि ओव्हन बंदच ठेवून आतला दिवा तेवढा लावायचा. त्या दिव्याच्या उबेवर अमेरिकेतल्या अर्ध्या इडल्या उभ्या आहेत. पीपीएमने पातेल्याशेजारी एक बीएमई २८० आणि एक कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर ठेवला. आंबताना पीठ वायू सोडतं, तो चढताना दिसतो, आणि चढ मंदावला की पीठ तयार. रात्री अकराला त्याने आम्हा सगळ्यांना तो आलेख पाठवला. खरोखर सुंदर होता. हळू सुरुवात, मग घाटासारखा चढ. सकाळी वहिनींनी पीठ काढून घेतलं आणि केक करायचा म्हणून ओव्हन साडेतीनशे फॅरनहाइटवर तापत ठेवला. सेन्सर आतच. बीएमई २८० च्या माहितीपत्रकात तो ८५ अंश सेल्सियसपर्यंत काम करतो असं लिहिलेलं आहे. त्याचं शेवटचं वाचन होतं ८४.९. पुढे रेघ नाही. पीपीएमने ते पान जपून ठेवलं आहे. "शेवटपर्यंत खरं बोलला," असं तो म्हणतो, आणि त्या घरात प्लॅस्टिकचा वास आठवडाभर होता असं वहिनी म्हणतात. केकबद्दल कुणीच काही बोलत नाही.

२०१९ च्या जानेवारीत ध्रुवीय वारं खाली उतरलं ते ज्यांनी इथे काढलं त्यांना आठवत असेल. पारा उणे पंचवीस सेल्सियसच्या आसपास, विद्यापीठाने चक्क वर्ग बंद ठेवले. त्यातच ३० तारखेला मकोम काउंटीतल्या एका गॅसच्या कॉम्प्रेसर स्टेशनला आग लागली, आणि रात्री सगळ्यांचे फोन एकदम कोकलले: घरातला थर्मोस्टॅट ६५ फॅरनहाइट किंवा त्याखाली आणा. आमच्या गावाला गॅस दुसऱ्या कंपनीचा येतो, पण शेजारधर्म म्हणून आम्ही सगळ्यांनी ६५ केला, शाली काढल्या आणि राज्यपालांना नावं ठेवत झोपलो. पीपीएमने फोन पुन्हा वाचला. 'किंवा त्याखाली.' घर किती वेगाने थंड होतं हे मोजायची अशी संधी मिशिगनमध्ये माणसाला पुन्हा येत नाही, असा विचार करून त्याने थर्मोस्टॅट ५८ वर नेला. सेल्सियसमध्ये हे साडेचौदाच्या खाली येतं. तो खाली बसून उतरणारी निळी रेघ बघत होता. वर वहिनी दोन स्वेटर, एक जॅकेट आणि मुलीचं ब्लँकेट अशा थरांत होत्या. बाराच्या सुमाराला त्या मुलीला घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "त्याला घराचा टाइम कॉन्स्टंट काढायचाय," म्हणाल्या. "माझा निघाला."

दुसऱ्या दिवशी तो आलेख घेऊन आला, क्षमा मागायला. निदान त्याची तशी समजूत होती.

त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम दिवस मात्र २८ जून २०२३. कॅनडातल्या वणव्यांचा धूर खाली आला आणि त्या दिवशी जगातल्या सगळ्यात वाईट हवेच्या शहरांच्या यादीत डेट्रॉइट वर होतं. सूर्य जांभळाच्या सरबतासारखा दिसत होता. एरवी त्याला बघून रस्ता ओलांडणारी माणसं त्या दिवशी फोन करून विचारत होती, मुलांना बाहेर सोडू का? खिडकी उघडू का? चालायला जाऊ का? तो प्रत्येकाला सूक्ष्म कणांचा ताजा आकडा सांगत होता, हवेच्या पोस्टमनसारखा. घरात त्याने चार चौकोनी फिल्टर, एक पंखा आणि बरीचशी चिकटपट्टी लावून एक खोका तयार केला. कोर्सी-रोझेंथाल पेटी म्हणतात त्याला, कोविडच्या काळात निघालेली युक्ती. पंखा हवा ओढतो, फिल्टर धूळ धरतात, आणि साध्या खर्चात हवा साफ. वहिनी त्याला यज्ञकुंड म्हणतात. दुपारी त्याने अभिमानाने जाहीर केलं: बाहेर दोनशेच्या वर, घरात नऊ. आम्ही सहासात जण त्या नवाच्या आश्रयाला जाऊन बसलो होतो.

मग वहिनींना वाटलं, इतकी माणसं आलीच आहेत तर पिठलं-भाकरी करू. आणि पिठल्याबरोबर ठेचा. मिरच्या तव्यावर पडल्या. सूक्ष्म कणांची पिवळी रेघ आधी दचकली, मग उठली, आणि टॅब्लेटच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. ठसका लागल्यामुळे कुणाला काही बोलता येईना. पीपीएम रुमाल नाकाला लावून आकडा वाचत होता. तीनशे चाळीस. बाहेर कॅनडा जळत होता, आत मिरच्या, आणि शेवटी आम्ही सगळे मोकळी हवा घ्यायला अंगणात, म्हणजे धुरात जाऊन उभे राहिलो. ठेचा, खरं सांगायचं तर, अप्रतिम झाला होता.

त्या दिवसापासून त्याने पिवळ्या रेघेचा अभ्यास सुरू केला. फोडणीचे त्याने प्रकार पाडले आहेत. मोहरी-हिंग म्हणजे सुईसारखा वर जाऊन लगेच उतरणारं टोक. कांदा परतला की पसरट टेकडी. पुरणपोळ्या म्हणजे सातपुडा. बांगडा तळला की चार तास उतार दिसत नाही. ऑफिसात बसून तो वहिनींना निरोप पाठवायचा, "आज कांदेपोहे का?" पहिल्या दिवशी वहिनींना हे गोड वाटलं. दुसऱ्या दिवशीपासून नाही.

आणि मग त्याने डॅशबोर्डचा पत्ता आईला पाठवला.

काकूंना पीपीएम म्हणजे काय हे माहीत नाही. पिकोक्युरी तर नाहीच. पण त्यांनी आयुष्यभर दुधावरून, फुलवाल्यावरून आणि जिन्यातल्या पावलांवरून आख्खी चाळ वाचली आहे. चार रेघा वाचणं त्यांना किती कठीण? महिन्याभरात त्या तरबेज झाल्या. निजायच्या खोलीत माणूस झोपला की दार लावलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड चढतो, ती हिरवी रेघ. रोज पुण्याहून फोन. "काल दोनपर्यंत जागा होतास. हिरवी चढलीच नाही." "निळी फार खाली गेलीय, तिला मोजे घाल." आणि सगळ्यात वाईट: "शनिवारी बाहेरूनच मागवलंत वाटतं? पिवळी उठली नाही." तेरा हजार किलोमीटरवरून सासूबाई स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या, तेही नवऱ्याने स्वतः वायर जोडून दिल्यामुळे. वहिनी बोलल्या काहीच नाहीत. फक्त आता शुक्रवारी त्यांच्याकडे पिझ्झा मागवला की ओट्यावरच्या सेन्सरजवळ दोन उदबत्त्या लागतात. पिवळी छान उठते. रविवारी फोन येतो, "परवा वांगं भरलं होतंस ना गं? इथे बसून कळलं मला."

पीपीएमला यातलं काही माहीत नाही. त्या शुक्रवारच्या टेकड्या बघून तो म्हणतो, पिझ्झाच्या खोक्यातून कण सुटत असणार. त्यावर तो एक लेखही लिहितो आहे.

गेल्या फेब्रुवारीत पहाटे तीनला माझा फोन वाजला. पुण्यात दुपारचे दीड, काकू जेवण उरकून टॅब्लेट घेऊन बसल्या असणार. आवाज अगदी हळू होता. "अरे, झोपला होतास का? जरा जाऊन बघून येशील? त्यांची रेघ सरळ झालीय. चारही. फोन उचलत नाहीयेत कुणी."

मी झोपेत म्हणालो, काकू, मशीन बिघडलं असेल. त्या म्हणाल्या, "तेच असेल. तू बघून ये." आदल्या वर्षी काकांच्या उशाशी त्या आठ दिवस एका हिरव्या रेघेसमोर बसल्या होत्या. मी बूट घातले.

आमच्यात दोन गल्ल्यांचं अंतर आहे. बर्फ पडतच होता, गुडघ्यापर्यंत नसला तरी पोटऱ्यांच्या वर. त्याच्या दाराची घंटा वाजेना, कारण तीही त्याच चिमुकल्या संगणकातून जाते. दार ठोठावलं, कुणी उठलं नाही. तळघराच्या खिडकीत उजेड होता. बर्फाचा गोळा करून मारला, मग दुसरा, तिसरा लागला. पाच मिनिटांनी पीपीएम पायजम्यावर दारात आला, एका हातात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर नखाएवढं मेमरी कार्ड, मेलेली माशी धरावी तसं.

"कार्ड गेलं," तो म्हणाला. "रात्री साडेअकरापासून बसलोय."

"मग रेघ सरळ कशाला? तुटायला पाहिजे ना?"

"मीच तसं केलंय. नोंद आली नाही तर आधीचाच आकडा पुढे ओढायचा. रेघ तुटली की आईला आवडत नाही."

मी माझा फोन लावून त्याच्या हातात दिला. पलीकडून काकूंनी काय विचारलं ते ऐकू आलं नाही. हा नुसता "हो... हो... झोपल्यात दोघी... नाही गं, फोन वर राहिला... हो, घातलाय स्वेटर," म्हणत होता. स्वेटर नव्हता घातलेला.

फोन ठेवून तो वळला. सवयीने त्याची नजर देवघराशेजारच्या भिंतीवर गेली. टॅब्लेट काळा होता. तो क्षणभर त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. माझ्या टोपीवरून, भुवयांवरून, खांद्यांवरून बर्फ वितळून त्याच्या पायपुसण्यावर टपटपत होता.

"बाहेर," तो म्हणाला, "थंडी आहे का रे?"